'देवाची योजना' : हे वाक्य कोणी, कोणाला आणि केव्हा म्हणायचं?



आजचा विषय आहे पवित्र शास्त्रातली देवाची योजना आणि तिच्यातून मिळणारं सांत्वन. विषय भक्तीचा आहे हे खरं, पण आज आपण त्याच्याकडे वाचक म्हणून बघणार आहोत. ग्रंथ काय म्हणतो, कोणाच्या तोंडून म्हणतो आणि केव्हा म्हणतो, एवढंच तपासायचं आहे. श्रद्धावंताचं यात काही जात नाही आणि श्रद्धा नसलेल्याला ऐकायला हरकत नाही.

हा प्रश्न घ्यावासा वाटला त्याला कारण आहे. घरात कोणी गेलं, विशेषतः अवेळी गेलं, की भेटायला माणसं येतात. काय बोलावं कळत नाही. मग कोणीतरी म्हणतं, "देवाची योजना होती." हे वाक्य कोणाला आधार देतं आणि कोणाच्या काळजात सुरीसारखं जातं. वाक्य तेच, शब्द तेच. मग असं का होतं? आपलं म्हणणं असं आहे की याचं उत्तर शास्त्रातच आहे. फक्त आपण वचनं सुटी करून वाचतो, म्हणून ते दिसत नाही.

आधी एक फरक लक्षात घेऊ. आपल्याकडे दुःखाच्या प्रसंगी 'प्रारब्ध', 'संचित', 'नशीब' हे शब्द सहज तोंडात येतात. ख्रिस्ती घरात त्यांच्या जागी 'योजना' येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं अर्थ एकच. तसं नाही. नशिबाला तोंड नसतं, कान नसतात. त्याच्याशी बोलता येत नाही. योजना म्हटली की योजणारा आला. आणि योजणारा आला की त्याला जाब विचारता येतो. स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं चाळून बघा, त्यातली कितीतरी उघड उघड तक्रारीची आहेत. किती दिवस, का म्हणून, कुठे होतास, असे सवाल त्यांत आहेत. म्हणजे योजनेवर विश्वास ठेवल्यानं दुःख आपोआप हलकं होत नाही. उलट ते एका अर्थानं जड होतं, कारण आता गाऱ्हाणं घालायला कोणीतरी आहे. सांत्वनही तिथूनच येतं आणि भांडणही तिथूनच येतं. ही दोन्ही एकत्र धरली नाहीत तर पुढचं काही कळणार नाही.

आता सगळ्यांत प्रसिद्ध वचनाकडे वळू. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, दहावी-बारावीच्या निकालाच्या शुभेच्छांत, व्हॉट्सअ‍ॅपवर, सगळीकडे ते असतं. देव म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे बेत मला ठाऊक आहेत, ते भल्यासाठी आहेत, असा त्याचा आशय. सुंदरच आहे. पण हे वाक्य एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र कोणाला लिहिलं होतं हे कॅलेंडरवर छापलेलं नसतं.

इ.स.पू. ५९७च्या सुमारास बाबेलच्या राजानं, नबुखद्नेस्सरानं, यरुशलेमवर चढाई केली आणि राजा, दरबारी, कारागीर, लोहार अशी निवडक माणसं कैद करून बाबेलला नेली. यिर्मया मागे यरुशलेमातच राहिला. तिथून त्यानं या पकडून नेलेल्या लोकांना पत्र धाडलं. त्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा येतो. तो भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत सगळं ठीक होईल, नेलेलं सगळं परत येईल. लोकांना काय आवडलं असेल ते सांगायला नको. यिर्मया काय लिहितो? सत्तर वर्षं. घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लेकरांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हांला नेलं त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

जरा हिशेब करू. पत्र ऐकणारा माणूस तीस वर्षांचा असेल तर सत्तर वर्षांनी तो शंभरीचा झाला. म्हणजे ज्यांना हे वचन पहिल्यांदा वाचून दाखवलं, त्यांतल्या बहुतेकांना ते पुरं झालेलं दिसणारच नव्हतं. नातवंडांना दिसलं तर दिसलं. भल्याचा बेत आहे हे सांगणारं वाक्य, 'तू घरी जाणार नाहीस' या बातमीच्या लगेच मागे आलेलं आहे. बातमी काढून टाकली आणि वाक्य तेवढं ठेवलं, तर जे उरतं ते यिर्मयाचं राहत नाही, हनन्याचं होतं.

आणखी एक गोष्ट, आणि ती खास आपल्या भाषेमुळे कळते. या वचनात 'तुम्ही' आहे. मूळ हिब्रूतही अनेकवचन आहे. मराठी बायबलात देव एकट्या माणसाशी बोलतो तेव्हा 'तू' म्हणतो. अब्राहामाला 'तू', मोशेला 'तू', खुद्द यिर्मयाला 'तू'. म्हणजे इथला 'तुम्ही' हा आदरार्थी नाही, तो समुदायाचा आहे. आपण मात्र कॅलेंडरवर तो वाचतो आणि समजतो की देव आपल्याशी अहो-जाहो करून बोलतोय, माझ्या नोकरीबद्दल, माझ्या व्हिसाबद्दल. देवाला तुमच्या नोकरीची काळजी नाही असं आपण म्हणत नाही. पण या पत्रातलं सांत्वन एका माणसाच्या आयुष्यात मावणारं नाही. ते पिढ्यांना दिलेलं आहे. आजोबांनी बाग लावायची आहे, ती याच विश्वासावर.

प्रचलित मराठी भाषांतरात इथे 'संकल्प' असा शब्द आहे. तो चांगला आहे. 'योजना' म्हटलं की आपल्याला पंचवार्षिक योजना आठवते, घरकुल योजना आठवते. कागद, टप्पे, लाभार्थी. मूळ हिब्रू धातूचा अर्थ मनात योजणं, विचारपूर्वक आखणं. निवासमंडपाच्या पडद्यांवर जे नक्षीचं कसबी विणकाम होतं, त्या कारागिरालाही याच धातूपासून झालेला शब्द वापरला आहे. आणि गंमत म्हणजे हाच धातू शास्त्रातल्या दुसऱ्या मोठ्या सांत्वनाच्या वाक्यात आहे. ते वाक्य योसेफाचं.

योसेफाची गोष्ट उत्पत्तीच्या ३७व्या अध्यायापासून शेवटपर्यंत चालते. सतरा वर्षांचा पोरगा. भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात, मग वीस रुप्यांना विकला जातो. मिसरात पोटीफराच्या घरी चाकरी, खोटा आळ, तुरुंग. तुरुंगात राजाच्या प्यालेबरदाराला स्वप्नाचा अर्थ सांगतो, तो सुटतो आणि याला विसरून जातो, दोन वर्षं. तिसाव्या वर्षी योसेफ फारोपुढे उभा राहतो आणि देशाचा कारभारी होतो. सुकाळाची सात वर्षं जातात, दुष्काळाची दोन जातात, मग भाऊ धान्य मागायला येतात. तिथे तो पहिल्यांदा म्हणतो की मला पुढे पाठवलं ते देवानं, जीव वाचवण्यासाठी. खड्ड्यापासून या वाक्यापर्यंत बावीस वर्षं गेली. पुढे बाप वारल्यावर भाऊ पुन्हा घाबरतात, आणि तो सांगतो की तुम्ही माझं वाईट योजलं, देवानं त्यातून चांगलं योजलं. दोन्हीकडे क्रियापद एकच.

या वाक्याकडे समीक्षकाच्या नजरेनं बघितलं तर चार गोष्टी दिसतात.

पहिली. हे वाक्य योसेफ स्वतः म्हणतो, स्वतःच्या दुःखाबद्दल. समजा, हेच वाक्य भावांनी म्हटलं असतं! "अरे, आम्ही विकलं म्हणून तर तू कारभारी झालास, देवाचीच योजना होती." किती निर्लज्ज वाटलं असतं! शब्द तेच राहिले असते आणि वाक्य पाप झालं असतं. ज्यानं सोसलं त्याचाच या वाक्यावर हक्क आहे. घरात मार खाणाऱ्या बाईला, जातीच्या नावानं अपमान गिळणाऱ्या माणसाला दुसऱ्या कोणी 'यात देवाची योजना असेल' असं सांगितलं, तर तो माणूस योसेफाच्या बाजूनं बोलत नाही, भावांच्या बाजूनं बोलतो.

दुसरी. तो वाईटाला चांगलं म्हणत नाही. 'तुम्ही वाईट योजलं' हा अर्धा भाग तो गाळत नाही. नव्या करारात पेत्रही प्रेषितांच्या कृत्यांत असंच बोलतो. येशूला धरून देणं देवाच्या ठरलेल्या बेतात होतं असं म्हणतो आणि त्याच दमात ऐकणाऱ्यांना म्हणतो, तुम्ही त्याला मारलंत. बेत आहे म्हणून गुन्हा माफ होत नाही.

तिसरी. खड्ड्यात असताना तो हे म्हणाला नाही. तेव्हा तो गयावया करत होता, भावांना पुढे तेच आठवतं. तुरुंगात तो प्यालेबरदाराला म्हणाला, माझी आठवण ठेव, मला इथून काढ. म्हणजे सुटकेची धडपड करत होता. 'योजना' हे मागे वळून पाहणाऱ्याचं वाक्य आहे.

चौथी. कळल्यावरही दुःख पुसलं गेलं नाही. कारभारी झाल्यावर त्याला दोन मुलगे झाले. एकाचं नाव मनश्शे, देवानं कष्टांचा विसर पाडला म्हणून. दुसऱ्याचं एफ्राईम, विपत्तीच्या देशात फलद्रूप केलं म्हणून. बघा, गळ्यात सोन्याचा गोफ, बोटात राजाची मुद्रा, तरी तो देश त्याच्या लेखी 'विपत्तीचा देश'च आहे! आणि तो रडतो किती! भावांना ओळखतो तेव्हा, बन्यामीन दिसतो तेव्हा, बापाला भेटतो तेव्हा. शेवटी भावांचा घाबरलेला निरोप येतो, तेव्हाही आधी रडतो आणि मगच ते प्रसिद्ध वाक्य बोलतो.

आता कोणी म्हणेल, मग दुसऱ्यानं काही बोलूच नये का? यासाठी ईयोबाचं पुस्तक आहे. ४२ अध्याय. लेकरं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड उठले. अलीफज, बिल्दद आणि सोफर असे तीन मित्र येतात. ते वाईट माणसं नाहीत. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. तिथवर सगळं बरोबर आहे. मग ते बोलायला लागतात आणि बिघडतं. ते देवाची बाजू घेतात, कारणं सांगतात, हिशेब जुळवून देतात. ईयोब मात्र देवाशी भांडतो. आणि शेवटी देव अलीफजाला काय म्हणतो? माझ्याविषयी नीट बोललास ते तू नाहीस, माझा सेवक ईयोब बोलला. भांडणारा बरोबर ठरला, वकिली करणारे चुकले. एवढं होऊनही, पुस्तकाच्या सुरुवातीला स्वर्गात जे ठरलं होतं ते ईयोबाला शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. वाचकाला ठाऊक आहे, ईयोबाला नाही. त्याला देव भेटतो, पण खुलासा मिळत नाही.

पौलाच्या रोमकरांस पत्रातलं ८व्या अध्यायातलं वचनही असंच सुटं फिरतं. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून हितकारक होतात, असा त्याचा अर्थ. त्याच्या वर सहा-सात वचनं मागे जा. सृष्टी कण्हते आहे, आपण कण्हतो आहोत, आत्माही शब्दांत न येणारे उसासे टाकतो आहे. तीनदा कण्हणं झाल्यावर मग ते वाक्य येतं. आणि त्याच पत्रात १२व्या अध्यायात पौल सांगतो की रडणाऱ्यांबरोबर रडा. रडणाऱ्यांना समजावून सांगा असं तो सांगत नाही.

या बाबतीत सगळ्यांत बोलकं उदाहरण योहानाच्या ११व्या अध्यायात आहे. बेथानीचा लाजर मेला आहे, कबरेत चार दिवस झाले आहेत. आपण त्याला उठवणार हे येशूला ठाऊक आहे, त्यानं शिष्यांना तसं सांगितलंही आहे. मार्था आणि मरीया दोघी बहिणी वेगवेगळ्या येऊन तेच म्हणतात, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. ही सरळ तक्रार आहे. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीया रडत येते, तेव्हा तो तिला सिद्धांत सांगत नाही. तोही रडतो. शेवट माहीत असलेला एकटा तोच होता, आणि तरीही रडला. मग शेवट माहीत नसलेल्या आपल्याला कोरड्या डोळ्यांनी योजना सांगायचा काय अधिकार आहे?

हे फक्त जुन्या पोथीतलं नाही, आपल्या मराठी मातीतही हे वाचन जगलेलं आहे. पंडिता रमाबाई घ्या. जन्म १८५८चा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईबाप गेले, थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला, १८८२ साली नवरा गेला. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली आणि विधवा घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. 'माझ्या आईबापांच्या भुकेत या मुलींची सुटका लपली होती' असं वाक्य त्यांच्या तोंडी आपण घालणार नाही, तो हक्क आपला नाही. पण एवढं दिसतं की उपासमार भोगलेल्या बाईनं उपाशी पोरींसाठी कोठार उघडलं. यिर्मयाच्या भाषेत, तिनं बाग लावली. आणि हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलाचं मराठी भाषांतर करायला ती वर्षानुवर्षं बसली. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. भाषांतरकाराला वचनं निवडता येत नाहीत. यिर्मयाचं आशेचं पत्र त्यांनी मराठीत आणलं, तसं विलापगीतही आणावं लागलं.

दुसरं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नवराबायकोची काही वर्षं ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळक १९१९ साली गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. 'स्मृतिचित्रे' १९३४पासून पुस्तकरूपानं येऊ लागलं, तेव्हा त्यांना ख्रिस्ती होऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती. त्या ताटातुटीला 'ही तर देवाची योजना' असा मुलामा देणं किती सोपं होतं! पण त्यांनी तेव्हाचा आकांत तेव्हाचा म्हणूनच ठेवला. राग रागाच्या जागी, हसू हसण्याच्या जागी. विश्वास आला म्हणून जुनं रडणं खोटं ठरवलं नाही. म्हणून ते पुस्तक कोणत्याही धर्माच्या वाचकाला आपलं वाटतं. योसेफानं मुलाच्या नावात 'विपत्तीचा देश' ठेवला, तशातलीच ही गोष्ट.

एक शंका उरते, आणि ती रास्त आहे. योजना जर मागे वळूनच दिसत असेल, तर ती नंतर रचलेली गोष्ट कशावरून नसेल? माणूस वाचला की म्हणतो देवानं राखलं. जो वाचला नाही तो बोलायला उरत नाही. समीक्षेच्या हातात याचं शेवटचं उत्तर नाही, ते श्रद्धेचं क्षेत्र आहे. पण ग्रंथाच्या प्रामाणिकपणाबद्दल आपण बोलू शकतो. हा ग्रंथ रचणाऱ्यांनी आणि जपणाऱ्यांनी फक्त गोड शेवटाच्या गोष्टी ठेवल्या नाहीत. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. विलापगीत संपतं ते देवानं आपल्याला टाकलं की काय या शंकेवर. उपदेशक तर स्पष्ट सांगतो की देवाच्या कामाचा आदि-अंत माणसाला लागत नाही. योजनेची ग्वाही देणाऱ्या ग्रंथानं योजना न दिसलेल्यांनाही आत जागा दिली आहे. ज्याला अजून काही दिसत नाही, तो या ग्रंथाच्या बाहेर पडलेला नाही. आम्हांला तर वाटतं, शोकात असलेल्या माणसाला देण्यासारखं हेच सगळ्यांत मोठं सांत्वन आहे.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं देता येईल. 'देवाची योजना' हे वाक्य सोसणाऱ्यानं म्हणायचं, आपल्या वेळेला, त्याला म्हणावंसं वाटलं तर. बावीस वर्षांनी म्हटलं तरी चालेल, आणि कधीच म्हटलं नाही तरी तो ८८व्या स्तोत्राच्या सोबतीत आहे. बाकीच्यांनी ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस तेवढे उचलावेत. जाऊन बसावं. डबा न्यावा. कागदपत्रांची, दवाखान्याच्या बिलांची धावपळ करावी. रडू आलं तर रडावं. आणि यिर्मयाचं वचन कोणाला पाठवायचंच असेल तर अख्खं पत्र वाचून मग पाठवावं, त्यातल्या सत्तर वर्षांसकट आणि बागांसकट.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.